काटोलच्या दगडाला ताप किती होता?

२२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात आकाशात स्फोटासारखा गडगडाट झाला आणि पाठोपाठ काळपट दगडांचे तुकडे खाली पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने (जीएसआय) या घटनेचा अभ्यास केला. या दगडांचे एकूण वजन सुमारे १३ किलो भरले. प्रयोगशाळेतील तपासणीनंतर जगभरच्या अशनींच्या नोंदवहीत वर्धा जिल्ह्याच्या शेजारच्या या गावाचे नाव कायमचे लिहिले गेले. नोंद अगदी थोडक्यात होती : ‘काटोल, एल-६’.

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विदर्भभरातून रुग्ण येतात. त्यांतल्या काहींच्या हातात बायोप्सीचा अहवाल पडतो. त्यातही असेच असते. गाठ कोणत्या पेशींची आहे, हे एका शब्दात आणि ती कोणत्या ‘ग्रेड’ची आहे, हे एका आकड्यात. अहवाल एका ओळीचा असला तरी त्या ओळीमागे कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ घालवलेला असतो. ‘एल-६’ ही नोंद त्याच जातीची आहे. ‘एल’ हे अक्षर दगड कोणत्या घराण्याचा हे सांगते. ‘६’ हा आकडा सांगतो की तो दगड एकेकाळी किती तापला होता.

हा ताप आकाशातून खाली येतानाचा नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. अशनी वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा बाहेरचा थर वितळतो, हे खरे. पण हा प्रवास काही सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात आच आत पोहोचत नाही. म्हणूनच नुकत्याच पडलेल्या अशनीवर जेमतेम एक मिलिमीटर जाडीची काळी साल दिसते आणि तोडल्यावर आतून दगड फिकट राखाडी असतो. काटोलच्या दगडाच्या नावातला ‘६’ हा आकडा या काळ्या सालीबद्दल काहीच सांगत नाही. तो ज्या तापाबद्दल सांगतो, तो सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वी पूर्ण घडण्याच्याही आधी सुरू झाला आणि लाखो वर्षे टिकला.

उल्का, अशनी आणि आतले गोल दाणे

आकाशात क्षणभर चमकून जाते ती उल्का. त्यातून वाचून जमिनीवर येऊन पोहोचतो तो अशनी. अशनी दगडी असतात, लोखंडी असतात आणि दोन्हींचे मिश्रण असलेलेही असतात. पण पडताना पाहिलेल्या अशनींत दगडी अशनींचेच प्रमाण फार मोठे आहे आणि त्यांतही बहुसंख्य ‘कॉन्ड्राइट’ या प्रकारचे असतात. हे नाव ‘दाणा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. कारण या दगडांत खसखशीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान गोल कण खच्चून भरलेले असतात. त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत होती, त्या काळात धुळीचे पुंजके अचानक वितळून थेंब झाले आणि भराभर थिजले. तेच हे दाणे. पृथ्वीवरच्या कोणत्याही खडकात असे दाणे सापडत नाहीत.

सामान्य कॉन्ड्राइटांची तीन घराणी आहेत. ती लोखंडाच्या प्रमाणावरून ठरतात. ‘एच’ म्हणजे लोखंड जास्त, वजनाच्या साधारण २७ टक्के. ‘एल’ म्हणजे कमी, साधारण २२ टक्के. ‘एलएल’ म्हणजे त्याहूनही कमी आणि त्यातही धातुरूपातले लोखंड फारच थोडे. प्रत्येक घराणे वेगळ्या मूळ लघुग्रहाचे आहे, असे मानले जाते. काटोलचा दगड ‘एल’ घराण्यातला. वऱ्हाडात १८३८ मध्ये पडलेला चांदकापूरचा दगडही ‘एल’ घराण्यातलाच, पण त्याचा आकडा ५.  म्हणजे महाराष्ट्राच्या मातीत पडलेल्या दगडांचेही ताप सारखे नाहीत. ते मोजतात कसे?

दगडाची बायोप्सी

पॅथॉलॉजी विभागात शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवतात आणि त्याचा ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा काप घेतात. तो काचेवर पसरून रंगवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दगडाचेही जवळपास असेच करतात. त्याची चकती कापून ती काचपट्टीला चिकटवतात आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटर, म्हणजे ३० मायक्रॉनपर्यंत पातळ करतात. ही जाडी माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी भरते. एवढ्या पातळपणाला बहुतेक खनिजांतून उजेड आरपार जातो. रंगवण्याची गरज पडत नाही. विशिष्ट दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडला की प्रत्येक खनिज आपापल्या रंगात उजळते.

पॅथॉलॉजिस्ट गाठीची ग्रेड ठरवताना मुख्यतः एक प्रश्न विचारतो : मूळ अवयवाची रचना अजून ओळखू येते का? ग्रंथींचे गोल आकार, पेशींची ठेवण स्पष्ट असेल तर ग्रेड खालची आणि सगळे एकमेकांत मिसळून गेले असेल तर वरची. अशनीचा अभ्यासकही हाच प्रश्न विचारतो : गोल दाणे अजून ओळखू येतात का? फरक एवढाच की गाठीची ग्रेड पुढे काय होऊ शकते याचा अंदाज देते, तर दगडाचा आकडा मागे काय होऊन गेले ते सांगतो.

रँडल व्हॅन श्मुस आणि जॉन वुड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ही मोजपट्टी मांडली. तोवर अशनींचे वर्गीकरण बरेचसे रंग आणि दिसण्यावर चालत असे. या दोघांनी रासायनिक घराण्यासाठी अक्षर आणि रूपांतरणासाठी १ ते ६ असा आकडा, अशी दुहेरी पद्धत सुचवली. शाळेच्या भूगोलात रूपांतरित खडक सर्वांनीच शिकलेले असतात : चुनखडीला उष्णता आणि दाब मिळाला की तिचा संगमरवर होतो. खडक वितळत नाही, घनच राहतो, पण आतले कण नव्याने रचले जातात. अशनींचे रूपांतरणही तसेच. साठ वर्षे होत आली तरी थोड्याफार दुरुस्त्यांसह हीच पद्धत जगभर वापरात आहे.

तीनपासून सहापर्यंत

ही मोजपट्टी समजायला खिचडीचे उदाहरण सोयीचे पडते. नुकती शिजायला ठेवलेली खिचडी उघडली तर तांदळाचा दाणा वेगळा आणि डाळीचा दाणा वेगळा दिसतो. आणखी शिजली की कडा मऊ होतात. फार वेळ शिजून घोटली गेली की भात कुठला आणि डाळ कुठली ते सांगता येत नाही, चवही सगळीकडे एकच होते.

प्रकार ३ चा दगड म्हणजे जवळपास न शिजलेली खिचडी. कॉन्ड्रूलांच्या कडा रेखीव असतात. आत काच असते, म्हणजे वितळलेला थेंब इतक्या घाईने थिजला की त्यातील अणूंना स्फटिक बनण्याची सवड मिळाली नाही. ती काच अजून स्वच्छ दिसते. ऑलिव्हिन नावाच्या हिरवट खनिजाचे कण तपासले तर प्रत्येक कणात लोखंडाचे प्रमाण वेगळे. शेजारी शेजारी बसूनही त्यांनी एकमेकांशी देवाणघेवाण केलेली नसते. दाण्यांच्या मधली भुकटी अतिशय बारीक आणि गडद असते.

प्रकार ४ मध्ये कॉन्ड्रूल नीट दिसतात, पण आतली काच गढूळ होऊ लागते. ऑलिव्हिनचे कण एकसारखे होतात, कारण उष्णतेमुळे लोखंड आणि मॅग्नेशियमचे अणू एका कणातून दुसऱ्या कणात सरकून समतोल साधतात. प्रकार ५ मध्ये काच संपलेली असते आणि तिच्या जागी फेल्डस्पार या खनिजाचे बारीक स्फटिक आलेले असतात. मधली भुकटी नव्याने स्फटिकरूप होते. दाणे ओळखू येतात, पण कडा पुसट असतात. प्रकार ६ मध्ये फेल्डस्पारचे कण ५० मायक्रॉनच्या पुढे वाढलेले असतात आणि कॉन्ड्रूल शोधावे लागतात. अनुभवी डोळ्याला कुठेतरी एखादी अर्धवट गोलाई सापडते. काटोलचा दगड या गटात बसतो.

तापमानांचे अंदाज अभ्यासकांगणिक थोडे बदलतात, पण साधारण चित्र असे आहे : प्रकार ३ चे दगड ६०० अंश सेल्सिअसच्या आत राहिले. प्रकार ४ चे ६०० ते ७०० आणि प्रकार ५ चे ७०० ते ७५० अंशांपर्यंत गेले. प्रकार ६ चे दगड ७५० ते ९५० अंशांपर्यंत तापले. त्याहून वर गेले की दगड वितळू लागतो आणि मग कॉन्ड्रूलच राहत नाहीत. १८४३ मध्ये खानदेशात पडलेला माणेगावचा दगड अशा पूर्ण वितळून पुन्हा थिजलेल्या खडकातला आहे. त्याला ही मोजपट्टी लागूच पडत नाही.

वाचकाला प्रश्न पडेल की १ आणि २ कुठे गेले? ते आकडे आहेत, पण ते ‘कमी ताप’ दाखवत नाहीत. तिथे कारण वेगळे आहे : पाणी. काही लघुग्रहांत बर्फ होता. तो वितळला आणि त्या पाण्याने खनिजे बदलून मातीसारखी केली. प्रकार २ मध्ये हा परिणाम मध्यम असतो आणि प्रकार १ मध्ये इतका की कॉन्ड्रूलही उरत नाहीत. म्हणजे मोजपट्टीचा शून्यबिंदू १ वर नसून ३ वर आहे. ३ पासून एका बाजूला गेले तर उष्णता आणि दुसऱ्या बाजूला गेले तर पाणी. शरीराच्या तापमानातही ३७ अंशांच्या दोन्ही बाजूंना बिघाडच असतो, तसेच हे.

आणखी एक गैरसमज टाळायला हवा. आकडा मोठा म्हणजे दगड जुना, मौल्यवान किंवा चांगला असे नाही. हे सारे दगड एकाच काळातले आहेत. आकडा फक्त सांगतो की जन्मानंतरच्या घटनांनी मूळ लिखाण किती पुसले.

नागपूर राजधानी असतानाचा दगड

पुसलेल्या पाटीवर काय लिहिले होते हे कळायला न पुसलेली पाटी हवी. ती याच परिसरात सापडली.

२६ ऑक्टोबर १९४० रोजी सेमारकोना येथे एक अशनी पडला. हे ठिकाण आज मध्य प्रदेशात आहे. त्या वेळी ते मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि वर्धा जिल्हाही त्यातच होता. वजन अवघे ६९१ ग्रॅम, म्हणजे किराणा दुकानातल्या एक किलोच्या पुड्याहूनही कमी. पण आज जगात जिथे जिथे कॉन्ड्राइटांचा अभ्यास होतो, तिथे सेमारकोनाचे नाव माहीत असते. त्याची नोंद आहे ‘एलएल-३.००’.

आकड्यातला हा दशांश नंतर आला. प्रकार ३ चे सगळे दगडही सारखे नाहीत, हे लवकरच लक्षात आले होते. १९८० मध्ये डेरेक सीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यातला फरक मोजण्याची एक युक्ती मांडली. दगडाची पूड अंधारात तापवली की तिच्यातून मंद प्रकाश बाहेर पडतो. पुरातत्त्वज्ञ उत्खननातल्या खापरांचे वय काढायला हाच गुणधर्म वापरतात. कॉन्ड्राइटात हा प्रकाश मुख्यतः फेल्डस्पारमुळे येतो आणि फेल्डस्पार तयार होतो काचेवर उष्णतेची प्रक्रिया होऊन. म्हणजे दगड जितका जास्त तापलेला, तितकी त्याची प्रकाशण्याची क्षमता जास्त. एकट्या प्रकार ३ मध्येच ही क्षमता सुमारे हजार पटींनी बदलते. त्यावरून ३.० ते ३.९ असे दहा भाग पडले. गुजरातमध्ये १९७६ मध्ये पडलेला ढजाळाचा दगड यात ३.८ वर बसतो. पुढे २००५ मध्ये जेफ्री ग्रॉसमन आणि एड्रियन ब्रिअर्ली यांनी ऑलिव्हिनमधील क्रोमियमच्या मांडणीवरून आणखी बारीक भाग पाडले. सौम्य उष्णतेनेही क्रोमियम कणातून बाहेर सरकू लागते. ते जिथल्या तिथे राहिलेले दिसले तर दगड जवळपास तापलाच नाही असे समजावे. सेमारकोनाला त्या पट्टीवर ३.०० हे स्थान मिळाले. थोड्या पाण्याच्या खुणा त्यात आहेत, पण उष्णतेच्या जवळपास नाहीत.

या कच्चेपणाचे मोल मोठे आहे. सेमारकोनाच्या भुकटीत सिलिकॉन कार्बाइड आणि हिऱ्यांचे अतिसूक्ष्म कण सापडले आहेत. त्यातले काही सूर्य जन्मण्याच्याही आधीच्या, दुसऱ्या ताऱ्यांभोवती घडलेले आहेत. दगड तापू लागला की असे कण नष्ट होतात. प्रकार ४ च्या पुढे ते जवळपास शोधूनही सापडत नाहीत. काटोलच्या दगडातही एके काळी तशी धूळ असणारच. पण त्याच्या तापाने ती नाहीशी केली.

भट्टीतले इंधन

मग मुख्य प्रश्न उरतो. अवकाशात थंडी प्रचंड. काही दहा किंवा काहीशे किलोमीटर रुंदीच्या लघुग्रहाला ९०० अंशांपर्यंत तापवले कशाने? सूर्याची आच तिथे पुरत नाही. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेचा बराच भाग युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून येतो, पण ते इतके सावकाश जळणारे इंधन आहे की लहान लघुग्रहातली उष्णता साठण्याआधीच निसटून जाईल. हवे होते झटपट जळणारे इंधन.

अ‍ॅल्युमिनियम-२६ हे त्याचे उत्तर. नेहमीच्या भांड्यातले अ‍ॅल्युमिनियम-२७ स्थिर असते. २६ मात्र किरणोत्सारी असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षे आहे. रुग्णालयात थायरॉइड किंवा हाडांच्या स्कॅनसाठी वापरले जाणारे टेक्नेशियम ६ तासांत निम्मे होते आणि एक-दोन दिवसांत जवळपास संपते. तसेच अ‍ॅल्युमिनियम-२६ पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच संपून गेले. आज त्या काळचा एक कणही शिल्लक नाही. उरले आहे ते त्याचे अपत्य, मॅग्नेशियम-२६. दगडाच्या एखाद्या कणात अ‍ॅल्युमिनियम भरपूर असेल आणि त्याच प्रमाणात मॅग्नेशियम-२६ जादा आढळले, तर इंधन तिथे जळाले होते हे सिद्ध होते.

इथेच अडचण होती. ज्या दगडाला या इंधनाने तापवले, त्यात तापामुळेच मॅग्नेशियमचे अणू इकडेतिकडे सरकतात आणि पुरावा पुसला जातो. आग लागलेल्या घरात काडेपेटी शोधण्यासारखे ते होते. पुरावा मिळू शकत होता तो न तापलेल्या दगडातच. १९८९ मध्ये इयान हचन आणि रॉबर्ट हचिसन यांनी सेमारकोनातील एका फेल्डस्पारयुक्त तुकड्यात तो शोधून काढला आणि ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सापडलेले प्रमाण लहान लघुग्रहांना तापवायला पुरेसे होते. म्हणजे काटोलसारख्या दगडांना कशाने ताप आला, याचे निदान करायला मदत झाली ती एकदा नागपूरहून कारभार चालणाऱ्या प्रांतात पडलेल्या, स्वतःला ताप न आलेल्या दगडाची.

वीटभट्टी आणि तिची मोडतोड

इंधन सर्वत्र सारखे असेल तर सगळेच दगड सारखे का तापले नाहीत? वीटभट्टी पाहिलेल्याला हे सहज कळेल. भट्टीत लावलेल्या विटा एकाच मातीच्या असतात. पण आतल्या विटा पक्क्या भाजतात आणि बाहेरच्या थरातल्या कच्च्या राहतात, कारण बाहेरची उष्णता हवेत निघून जाते. हाताळण्याची सवय असलेला गवंडी एक वीट वाजवून ती कुठल्या थरातली असावी ते सांगतो. लघुग्रहाच्या पोटात खोलवर असलेला भाग प्रकार ६ झाला, त्याच्या वरचा ५, त्यावर ४ आणि पृष्ठभागाजवळचा ३ राहिला, असे या कल्पनेत मानले जाते. कांद्याच्या पाकळ्यांवरून तिला कांद्याचे प्रारूप म्हणतात.

हे खरे असेल तर खोलवरचे दगड सावकाश थंड झालेले हवेत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात नेमके तेच दिसले. ‘एच’ घराण्यातील फ्रान्समधल्या सेंट मार्गरीट या प्रकार ४ च्या दगडाने ठरावीक तापमानाखाली येण्याची वेळ सुमारे ४५६ कोटी २७ लाख वर्षांपूर्वीची निघाली, तर स्पेनमधल्या ग्वारेन्या या प्रकार ६ च्या दगडाची सुमारे ४५० कोटी ४४ लाख वर्षांपूर्वीची. म्हणजे आतला दगड थंड व्हायला जवळपास सहा कोटी वर्षे जास्त लागली.

पण सगळे दगड या चित्रात नीट बसत नाहीत. धातूच्या कणांवरून काढलेला थंड होण्याचा वेग काहींच्या बाबतीत आकड्याशी जुळत नाही. काही दगडांच्या एकाच तुकड्यात ३ पासून ६ पर्यंतचे भाग एकमेकांत घट्ट बसलेले असतात. त्याचे उत्तर बहुधा असे की भट्टी पुढे मोडली. मोठ्या टकरींत लघुग्रह फुटले आणि तुकडे पुन्हा गोळा होऊन ढिगारे झाले, ट्रकमध्ये वेगवेगळ्या थरांतल्या विटा एकत्र ओतल्यासारखे. काही भट्ट्या निवण्याआधीच मोडल्या असाव्यात. या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे.

अवकाशात जाऊन पडताळणीही झाली. जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा या जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीच्या लघुग्रहावरची धूळ जून २०१० मध्ये पृथ्वीवर आणली. २०११ मधील तपासणीत ते कण ‘एलएल’ घराण्यातल्या अशनींशी जुळले. बरेचसे ५ आणि ६ प्रकारचे होते आणि सुमारे ८०० अंशांपर्यंत तापलेले होते. अर्धा किलोमीटरचा दगड स्वतः इतका तापू शकत नाही. म्हणजे इतोकावा हा एका मोठ्या, फुटलेल्या लघुग्रहाचा ढिगारा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दगड पाहून केलेले निदान असे बरोबर ठरले.

ताप वेगळा, मार वेगळा

काटोलच्या दगडाची गोष्ट ‘६’ वर संपत नाही. मंद आचेचा ताप आणि अचानक बसलेला तडाखा यांची नोंद शास्त्रज्ञ वेगवेगळी ठेवतात. तापाचा रुग्ण आणि अपघाताचा रुग्ण यांच्या कागदपत्रांसारखेच ते. आघातासाठी १९९१ पासून ‘एस-१’ ते ‘एस-६’ ही निराळी मोजपट्टी आहे.

काटोलच्या दगडात काळ्या बारीक शिरा दिसतात. दुसऱ्या लघुग्रहाशी झालेल्या टकरीत दगड क्षणभर वितळला, त्या या जागा. आयआयटी खरगपूरचे सुजॉय घोष आणि सहकाऱ्यांनी या शिरा तपासल्या आणि त्यात ब्रिजमनाइट हे खनिज असल्याचे २०२१ मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात दाखवले. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात, म्हणजे सुमारे ६६० किलोमीटरहून खोल, सर्वाधिक असलेले हे खनिज. तिथून नमुना आणण्याची सोय माणसाकडे नाही. ते बनायला वातावरणाच्या दाबाच्या दोन लाखांहून अधिक पट दाब लागतो. जो दाब पृथ्वीच्या पोटात कायम असतो, तो काटोलच्या दगडाला टकरीत काही क्षणांपुरता मिळाला आणि खनिज त्या शिरांत अडकून राहिले. पृथ्वीच्या अंतरंगाचा अभ्यास करायला संत्र्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या काटोलचा दगड उपयोगी पडावा, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

मोजपट्टीच्या मर्यादाही आहेत. ५ आणि ६ यांच्यात पक्की भिंत नाही. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचे ग्रेडवर मतभेद होऊ शकतात, तसे इथेही होतात. शिवाय पातळ काप दगडाच्या एका कोपऱ्यातला असतो आणि दुसरा कोपरा वेगळे सांगू शकतो. म्हणून तुकडा जितका मोठा आणि ताजा, तितके निदान खात्रीचे.

दगड पडला तर

ताजेपणाचा मुद्दा सामान्य माणसाच्या हातातला आहे. अशनीत धातुरूपातले लोखंड असते. विदर्भातला एक पावसाळा त्याने उघड्यावर काढला की आत गंज पसरतो आणि नाजूक खुणा बिघडतात. म्हणून दगड पडताना दिसला किंवा सापडला तर तो धुऊ नये, घासू नये, तापवू नये, तोडून वाटू नये. तो लोखंडी आहे का हे पाहायला चुंबक लावण्याचा मोहही आवरावा. जवळच्या चुंबकाने दगडातील जुन्या चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. स्वच्छ कोरड्या कागदात किंवा पिशवीत ठेवावा, कुठे आणि केव्हा मिळाला ते लिहून ठेवावे, पडलेल्या जागेचा फोटो घ्यावा आणि तहसील कार्यालयाला किंवा जीएसआयला कळवावे. भारतात पडणारे अशनी जपण्याची जबाबदारी जीएसआयकडे आहे आणि तिचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे.

हात लावल्याने काही होईल का, ही भीतीही अनेकांना असते. अशनी धोकादायक किरणोत्सर्ग करत नाहीत. त्यातील अ‍ॅल्युमिनियमचे ते इंधन कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपले आहे. त्याच वेळी, ‘आकाशातला दगड’ उगाळून पोटात घेतल्याने कोणताही आजार बरा होत नाही. त्यातून मिळेल ते थोडे निकेल, थोडे लोखंड आणि पोटदुखी.

आकाशातून येणारी प्रत्येक वस्तू अशनी नसते, हेही विदर्भाने पाहिले आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी अनेक जिल्ह्यांतून आकाशात अग्निरेषा दिसल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात मोठे धातूचे कडे पडले. तो उल्कापात नव्हता. चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. ओळख पटवण्याचे काम तज्ज्ञांवर सोडावे आणि आपण वस्तू जपून, न बिघडवता पोहोचती करावी, हेच दोन्ही प्रसंगी योग्य.

पुढचा दगड केव्हा आणि कोणाच्या शेतात पडेल हे सांगता येत नाही. तो ‘६’ निघण्याची शक्यता जास्त, कारण तेच अधिक पडतात. पण एखादा ‘३’ ही निघू शकतो. बाहेरून दोघे सारखेच काळे दिसतात. फरक कळतो तो पातळ काप घेतल्यावर, आणि तोही दगड वेळेवर कोरड्या कागदात गुंडाळला गेला असेल तरच.